उजव्या हाताचा ग्लोव्ह

कोणी माझ्यासाठी दार धरून उभं राहिलं, की मी अजूनही आधी खाली बघतो. पायरी असेल म्हणून. बँकेत, दवाखान्यात, नातवाच्या शाळेत. बहुतेक ठिकाणी पायरी नसतेच, आणि दार धरणारा माणूस "आजोबा, या ना" म्हणत खोळंबलेला असतो. ही सवय मला सुजाता ओव्हाळने लावली. ती आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची आणि हिवाळ्यात भारताच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची दुसरी गोलकीपर असायची. 'दुसरी' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. तिच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत तोच मुख्य होता.

मी हिंजवडीतल्या त्या कंपनीत हजेरी आणि रजा बघायचो. जन्म शनिवार पेठेतला, मुक्कामही तिथलाच, त्यामुळे समोरचा माणूस चुकतोय किंवा थापा मारतोय, यांपैकी एक काहीतरी नक्की, अशी खात्री बाळगूनच मी खुर्चीत बसत असे. एका गृहस्थांच्या एकाच आजीचं निधन माझ्याकडे तीनदा नोंदलेलं होतं. त्यामुळे एका नोव्हेंबरात 'कारण : आइस हॉकीचं शिबिर, लेह, पाच आठवडे' असा अर्ज आला, तेव्हा मी अर्जदाराला बोलावून घेतलं.

विशीतली मुलगी आली. उंच नाही, ठेंगणी नाही. खांदे मात्र रुंद. बसा म्हटलं तरी उभीच राहिली.

"अहो बाई, पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो," मी म्हणालो.

"म्हणूनच लेहला जाते, सर."

"पुरावा?"

तिने मोबाईल पुढे केला. फोटोत गुडघ्यांना गाद्या बांधलेलं, छातीवर चिलखत घातलेलं, तोंडावर जाळी असलेलं कोणीतरी एका जाळ्यासमोर वाकून उभं होतं.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"हीच."

"चेहरा दिसत नाहीये."

"गोलकीपरचा नाही दिसत, सर."

ती हसली नाही, चिडलीही नाही. रजा मिळाली असती तरी 'ठीक' आणि नाकारली असती तरी 'ठीक' म्हणाली असती, असा तो चेहरा होता. मी सही केली. "ठीक," ती म्हणाली, आणि गेली. जाताना माझ्या केबिनचं दार उघडून क्षणभर धरून उभी राहिली, कारण बाहेरून शिपाई चहा घेऊन येत होता. तो मला दिसलाही नव्हता. "पायरी," ती त्याला म्हणाली. माझ्या केबिनच्या दारात खरोखरच अर्ध्या इंचाचा उंबरा होता. नऊ वर्षं मी त्याला अडखळत होतो.

कंपनीची बस विश्रांतवाडीहून निघायची. सुजाता तिथेच बसायची. मी शिवाजीनगरला चढत असे. ती नेहमी दाराजवळच्या सीटवर. बस थांबायच्या आत तिचा हात दाराच्या दांड्यावर गेलेला असायचा आणि माझा पाय वर पडायच्या नेमक्या क्षणी दार उघडलेलं असायचं. "पायरी, काका." केबिनमध्ये मी सर होतो, बसमध्ये काका. आधी मला वाटलं, रजा मंजूर करणाऱ्या माणसाला खूश ठेवायची ही रीत असेल. मग बघितलं, तर ती सगळ्यांनाच दार उघडून द्यायची. लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या काचेच्या दाराशी, कोणाच्या हातात लॅपटॉप, डबा आणि छत्री तिन्ही असतील तर अचूक. आमच्याकडे लोक दार ढकलून पुढे जातात आणि ते मागच्याच्या नाकावर आपटतं. तिच्या मागे कोणाच्या नाकाला कधी इजा झाली नाही.

एकदा बस बाणेरच्या अलीकडे तासभर अडकली होती. तेव्हा मी विचारलं.

"तेच काम असतं माझं," ती म्हणाली. "आइस हॉकीत एक मुलगी मिनिटभरसुद्धा सलग खेळत नाही काका. दमतात. एक बाहेर येते, दुसरी आत जाते, खेळ चालूच असतो. बाकाजवळ दार असतं. ते दुसऱ्या गोलकीपरने उघडायचं. लवकर उघडलं तर चकती, म्हणजे आमचा चेंडू, आत येते, उशीर झाला तर मुलगी दारावर आदळते."

"आणि पायरी?"

"बर्फावरून वर यायला उंबरा असतो. पायात स्केट. दमलेल्या माणसाला दिसत नाही."

"मग तू खेळतेस कधी?"

"डोल्माला काही झालं तर." डोल्मा म्हणजे लडाखची मुलगी, संघाची पहिली गोलकीपर. "तिला काही होत नाही."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. बस कुठल्या रस्त्याने जाते ते सांगावं, तसं सांगितलं. तोवर तिला संघात सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ती एकदाच बर्फावर उतरली होती, एका हरलेल्या सामन्याची शेवटची चार मिनिटं. मी तिला म्हणालो, "एवढ्यासाठी पाच-पाच आठवडे लेहला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक अख्खी मॅच, काका. एक झाली की बास." तिच्या तोंडून एवढंच एक मागणं मी ऐकलं. पगारवाढ तिने कधी मागितली नाही.

कॅन्टीनमध्ये चहा काचेच्या ग्लासात मिळायचा, आणि तो इतका उकळता असे की आम्ही सगळे ग्लास वरच्या काठाला दोन बोटांनी धरून फुंकत बसायचो. सुजाता ग्लास मुठीत धरायची. उजव्या मुठीत, पाण्याचा धरावा तसा. मी म्हणालो, "भाजत नाही का गं?" तिने ग्लासकडे बघितलं, जणू तो कोणी हातात दिला हेच तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "या तीन बोटांना कळत नाही आता."

बाकाच्या दाराची कडी लोखंडी असते. गोलकीपरचा जाड ग्लोव्ह घालून ती उचलता येत नाही. म्हणून ती ग्लोव्ह काढून उघड्या हाताने कडी धरायची, शून्याच्या खाली वीस तापमानात, सामनाभर. पहिल्या वर्षी बोटं दुखली. दुसऱ्या वर्षी सुजली. मग दुखायचीच थांबली. डॉक्टरांनी संवेदना परत येतील म्हणून सांगितलं होतं, कधी ते सांगितलं नव्हतं.

"आणि झेलायचं कसं बधिर बोटांनी?"

"झेलायला बोटं लागत नाहीत. तळवा लागतो. तो आहे." तिने तळवा दाखवला. तो होता.

आता ग्लोव्हचं सांगायला हवं, आणि त्यात मी येतो. मला वगळून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या पहिल्या अर्जापासून माझ्या मनात हा खेळ राहिला होता. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीवर आपण सही केली, हे मला सहन होत नाही. म्हणून मी हळूहळू नियम वाचले, सामने बघितले. गोलकीपरच्या एका हातात काठी असते आणि दुसऱ्या हातात झेलायचा मोठा ग्लोव्ह. उजव्या हाताची माणसं काठी उजव्या हातात धरतात आणि ग्लोव्ह डाव्यात घालतात, कारण काठीचं काम नाजूक. चकती अडवल्यावर ती आपल्या माणसाकडे ढकलायची असते. सुजाताच्या फोटोत ग्लोव्ह उजव्या हातात होता. आणि सुजाता माझ्यासमोर अर्जावर सही करायची ती उजव्या हाताने.

मी बसमध्ये विजयी मुद्रेने म्हणालो, "तुझा ग्लोव्ह उलट्या हातात आहे."

ती मग म्हणाली, "माहितीये. लेहला गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं. तोपर्यंत सहा वर्षं झाली होती."

हकीकत अशी. ती शाळेत चाकांच्या स्केटवर हॉकी खेळायची. तिची आई लवकर गेलेली, वडिलांनीच वाढवलं. ते सरकारी कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होते. एकदा शाळेच्या क्लबाला परदेशातून वापरलेल्या सामानाची पेटी आली. ज्यांच्या मुली गोलकीपर होत्या त्या बापांनी त्यातून आपापल्या मुलीसाठी ग्लोव्ह निवडायचे होते. ओव्हाळांनी प्रत्येक ग्लोव्ह उलटून, शिवण ओढून, आत हात घालून तपासला आणि सगळ्यात चांगला उजव्या हाताचा निवडला. मुलगी उजव्या हाताची, झेल महत्त्वाचा, तेव्हा चांगल्या हातात ग्लोव्ह. अगदी विचार करून. पुण्यात तेव्हा कोण सांगणार होतं? सुजाता मग काठी डाव्या हातात धरायला शिकली, जमेल तशी. झेल तिचा फार चांगला झाला. काठी कधीच आली नाही. चकती अडवायची आणि मग ती सरकवताना चुकायची. लेहच्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी बघितलं आणि सांगितलं, झेल डोल्मापेक्षा चांगला आहे, पण काठीमुळे तू दुसरी. हात बदल म्हणाले. बदलून बघितला. एकविसाव्या वर्षी हात बदलत नाही.

"बाबांना हे माहीत नाही," ती म्हणाली. "सांगू नका, काका."

"माझी कुठे भेट होणार?" मी म्हणालो.

भेट झाली. दीड वर्षाने माझ्या मावसभावाकडे विश्रांतवाडीला गेलो होतो, शनिवारी संध्याकाळी. सुजाताची सोसायटी शेजारचीच. गेटातून आत बघितलं तर पार्किंगमध्ये भिंतीला खडूने गोल काढलेला, त्याच्यासमोर सगळा साज चढवून ती उभी, आणि पंधरा पावलांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एक गृहस्थ तिच्यावर टेनिसचे चेंडू फेकत होते. बसूनच, पण जोरात. फेकायच्या आधी प्रत्येक चेंडू बोटांत फिरवून बघायचे. रोज दोनशे, असं नंतर कळलं. खुर्चीला मागे दोरीने उशी बांधलेली होती.

तिने मला बघितलं आणि जाळीआडून म्हणाली, "बाबा, हे केळकर काका. रजावाले."

ओव्हाळ लगेच उठले. "या साहेब, या. तुमच्या सहीवर पोरगी लेह बघते." त्यांनी दुसरी खुर्ची मागवली, चहा मागवला. मोबाईल काढून मला सामन्याचा व्हिडिओ दाखवला. त्यात सुजाता कुठेच नव्हती. खेळाडू धावत होत्या, आणि एका कोपऱ्यात बाकाचं दार अर्धं दिसत होतं. "आता बघा हं," ते म्हणाले. दार उघडलं. एक उघडा हात क्षणभर दिसला आणि गेला. "हा! हा आमचा." त्यांनी मागे घेऊन परत दाखवला. त्यांच्याकडे सात वर्षांचे असे हात जमा होते. कुठल्या सामन्यात किती वेळा उघडलं ते त्यांना पाठ होतं. एकदाही उशीर नाही, असं त्यांनी मला सांगितलं, तपासणीचा शेरा द्यावा तसं.

मग म्हणाले, लेहहून तिचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा फार बरं वाटतं, फक्त स्वतःकडे बघितलं की शर्टाचा खिसा उजवीकडे दिसतो. "मोबाईलमध्ये माणूस उलटा दिसतो, नाही का?"

"फक्त आपण आपल्याला उलटे दिसतो," मी म्हणालो. "समोरच्याला सुलटच दिसतो. तो आरसा असतो." चूक दुरुस्त केल्याशिवाय मला चहा जात नाही.

"असं का," ते म्हणाले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण ओव्हाळ रंगात आले होते. त्यांनी ग्लोव्हची गोष्ट काढली. पेटी कशी आली, शिवण कशी तपासली. "बाकीचे बाप बघा," ते हसून म्हणाले, "सगळ्यांनी आपले डाव्या हाताचे उचलले. उजव्या हाताच्या पोरींना डावे ग्लोव्ह! मी म्हटलं, जरा तरी डोकं वापरा रे. कुठे आहेत त्या पोरी आज? एक नाही खेळत. आमची इंडियात आहे."

मी बोललो. का बोललो याचा मी नंतर बराच विचार केला. वाईट हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. चुकीचं विधान माझ्यासमोर बसून चहा पीत होतं आणि मला ते बघवलं नाही, एवढंच. मी म्हणालो, "अहो ओव्हाळ, त्यांचंच बरोबर होतं. ग्लोव्ह डाव्यातच घालतात. काठी उजव्या हातात हवी. त्यामुळेच तर ती दुसरी राहिली."

ओव्हाळांच्या हातात चेंडू होता. त्यांनी तो फिरवून बघितला. मग सुजाताकडे बघितलं. ती तशीच वाकून उभी होती, ग्लोव्ह उघडा धरून, पुढच्या चेंडूची वाट बघत. जाळीआड तिचा चेहरा दिसत नव्हता.

"असं का," ते म्हणाले. त्यांनी चेंडू फेकला. तिने झेलला. त्यांनी आणखी एक फेकला. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निघालो. ती गेटपर्यंत आली, त्या गाद्या बांधलेल्या पायांनी, आणि गेट उघडून धरलं. "पायरी, काका," म्हणाली.

घरी येऊन मी जेवलो. भाजी कुठली होती तेही आठवतं, पडवळाची. मला काही वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं हे कळत होतं, पण दाताला भूल दिल्यावर गालाला हात लावावा तसं ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटत होतं. सोमवारी बस आली, दार उघडलं, "पायरी, काका." मी माफी मागायचं ठरवून आलो होतो. तिने "बसा, पुढे खड्डे आहेत" म्हटलं आणि मी बसलो. ते जे राहिलं ते राहिलंच. तिने तो विषय काढला नाही. चिडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

नंतरचं मला तिच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कळलं. ओव्हाळ आठवडाभर खाली उतरले नाहीत. मग त्यांनी कोणाकोणाला गाठून परदेशातून डाव्या हाताचा नवा कोरा ग्लोव्ह मागवला. तो आला त्या दिवशी शिवणी तपासल्या, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता होईल बरोबर." त्या दिवसापासून पार्किंगमध्ये ती डाव्या हाताने झेलायला लागली. रोज दोनशे. निम्मे सुटायचे. "येतंय, येतंय," ओव्हाळ म्हणायचे. ती म्हणायची, "हो, येतंय."

"येतंय का खरंच?" मी बसमध्ये विचारलं.

"नाही."

"मग लेहला?"

"लेहला जुनाच." तिने दांड्यावरचा हात बदलला. "तीन वर्षं झाली. बाबांना वाटतं, हात बदललाय."

तीन वर्षं ती घरी एका हाताने खेळत होती आणि बर्फावर दुसऱ्या. बर्फावर म्हणजे सरावात. सामन्यात दारच. आणि दाराच्या चित्रात ग्लोव्ह नसतो, उघडा हात असतो, म्हणून ओव्हाळांना कळायचं काही कारण नव्हतं. मी एकदा म्हणालो, "आता सांगून टाक." तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी यापुढे कोणाला काय सांगायचं याबद्दल बोलू नये, एवढं मला त्यातून कळलं.

तिचं अकरावं वर्ष हे माझ्या नोकरीचं शेवटचं. संघ परदेशी स्पर्धेला गेला. रजेवर माझी सही होतीच. निघायच्या आदल्या दिवशी ती केबिनमध्ये आली. बॅग ओव्हाळांनी भरली होती, नवा ग्लोव्ह सगळ्यात वर ठेवून. जुना तिने खाली, पांघरुणात गुंडाळला होता. हे तिने मला का सांगितलं, ठाऊक नाही. कदाचित दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिचा फोन आला.

"काका, डोल्माचा गुडघा गेला. उद्या मी आहे."

"अख्खी?" मी विचारलं.

"अख्खी. बाबांना मोबाईलवर मॅच लावता येत नाही नीट. जाल का?"

"जाईन."

"कॅमेरा असेल. पूर्ण दिसेन मी."

"कोणता घालणार आहेस?"

मागे कोणीतरी हिंदीत मोठ्याने हाका मारत होतं. "ज्याने झेलता येतं तो," ती म्हणाली. "आणि काका... उद्या काही दुरुस्त करू नका."

इतक्या वर्षांत त्या संध्याकाळबद्दल ती एवढंच बोलली.

रविवारी सकाळी अकराला मी विश्रांतवाडीला पोचलो. ओव्हाळांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शाळेतले चाकांचे स्केट. टेबलावर तांब्याला टेकवून मी मोबाईल उभा केला. चित्र अडकत अडकत आलं. मग एकदम स्थिर झालं आणि जाळ्यासमोर ती दिसली. वाकलेली. पार्किंगमध्ये उभी राहायची तशीच.

ग्लोव्ह उजव्या हातात होता. रंग उडालेला, अंगठ्यापाशी पांढऱ्या पट्टीने बांधलेला. लपण्यासारखा नव्हताच.

मी ओव्हाळांकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत राहिलो. पहिली चकती आली, तिने झेलली. दुसरी झेलली. समोरच्या मुली सवयीने तिच्या उजव्या अंगाला मारत होत्या, जिथे बाकी सगळ्या गोलकीपरांची काठी असते, आणि तिथे हा ग्लोव्ह होता. ओव्हाळ हात मांडीवर ठेवून बसले होते. चेंडू फिरवल्यासारखी त्यांची बोटं हलत होती.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "केळकर साहेब."

"हं."

"मोबाईलवर उलटं दिसतं ना माणूस?"

मी त्यांना ते समजावून सांगितलेलं होतं. आपण उलटे, समोरचा सुलटा. त्याच घराखाली, चहा पिताना. माणसाने तीस वर्षं माल तपासला होता, एकदा सांगितलेलं विसरणारा तो नव्हता. त्यांचे डोळे पडद्यावरच होते.

"हो," मी म्हणालो. "उलटं दिसतं."

"मग डावाच आहे तो."

"डावाच."

"येतंय तिला," ओव्हाळ म्हणाले.

सामना भारत हरला, एका गोलाने. तो गोल काठीवरच गेला. चकती अडवली होती, सरकवताना निसटली. तिने दोन्ही खांबांना काठी लावून बघितली, पाणी प्यायली आणि परत वाकली. शेवटची शिटी झाली, मुली एकमेकींना भेटल्या. रडू यावं असं मला फार वाटत होतं. आलं नाही.

ती पुण्याला परत आली तोवर मी निवृत्त झालो होतो. त्या वर्षी तिने खेळ सोडला आणि दुसऱ्या शहरात नोकरी धरली. 'ठीक झालं, काका. थँक्यू,' एवढा एक मेसेज आला. त्यामुळे तिला शेवटचं बघितलं ते तांब्याला टेकवलेल्या त्या मोबाईलवर. ती बाकाकडे येत होती. या वेळी दार उघडायला दुसरीच कोणी मुलगी होती, नवखी. तिला कडी सापडेना. सुजाता बर्फावर उभी राहिली, दमलेली, तोंडावर जाळी तशीच. मग दार उघडलं.

"पायरी," ओव्हाळ मोबाईलला म्हणाले.

तिने पाय उचलून उंबरा ओलांडला आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली. पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आडनाव होतं. डावीकडून उजवीकडे, स्वच्छ, सुलट. ते आम्ही दोघांनी वाचलं.

"नावसुद्धा उलटंच दिसतंय," ओव्हाळ म्हणाले.

"हो," मी म्हणालो.